६५ टक्के लोक स्वतःला 'फक्त स्कॉटिश' म्हणवतात, मग स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळा का झाला नाही?

स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत ६५.५ टक्के लोकांनी आपली राष्ट्रीय ओळख 'फक्त स्कॉटिश' अशी नोंदवली. २०११ च्या जनगणनेतही हे प्रमाण ६२.४ टक्के होतं. पण सप्टेंबर २०१४ मध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, तेव्हा ५५.३ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं आणि स्कॉटलंड ब्रिटनमध्येच राहिला.

हे आकडे सोशल मीडियावर शेजारी शेजारी ठेवले की वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, जनतेची खरी इच्छा डावलली गेली. दुसरी म्हणते, लोक भावनेच्या भरात काहीही लिहितात. संशोधकांचं उत्तर मात्र वेगळं आहे.

राज्य नाही, तरी राष्ट्र

१७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या. पण स्कॉटलंडची कायदेव्यवस्था, चर्च आणि शिक्षणपद्धती वेगळीच राहिली. म्हणजे कारभार लंडनहून चालला, तरी माणसाचा रोजचा संबंध स्कॉटिश कोर्टाशी, शाळेशी आणि चर्चशी येत होता. एडिंबरा विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्रोन यांनी १९९२ मधल्या आपल्या पुस्तकात स्कॉटलंडला 'राज्य नसलेलं राष्ट्र' म्हटलं, ते याच अर्थाने.

मोरेनो प्रश्न म्हणजे काय?

१९८० च्या दशकात लुईस मोरेनो हे स्पॅनिश अभ्यासक एडिंबरामध्ये संशोधन करत होते. कॅटलोनियात वापरलेल्या एका प्रश्नाच्या धर्तीवर त्यांनी स्कॉटिश लोकांपुढे पाच पर्याय ठेवले:

१. स्कॉटिश, ब्रिटिश नाही
२. ब्रिटिशपेक्षा स्कॉटिश जास्त
३. दोन्ही सारखेच
४. स्कॉटिशपेक्षा ब्रिटिश जास्त
५. ब्रिटिश, स्कॉटिश नाही

आज हा प्रश्न 'मोरेनो प्रश्न' म्हणून ओळखला जातो. सार्वमताच्या सुमारास तो विचारला गेला, तेव्हा पहिला पर्याय साधारण पाव लोकांनीच निवडला. बरेच लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात होते.

मग जनगणनेत ६० टक्क्यांहून जास्त कसे? कारण तिथला प्रश्न वेगळा आहे. फॉर्मवर वेगवेगळ्या ओळखींचे चौकोन असतात आणि लागू असतील तेवढ्यांवर खूण करायची असते. 'स्कॉटिश जास्त, ब्रिटिश थोडा' असं वाटणारा माणूस 'स्कॉटिश'वर खूण करून पुढे जाऊ शकतो. त्याचा अर्थ त्याने ब्रिटिशपण नाकारलं असा होत नाही.

ओळख एक, मत दुसरं

ओळखीचा मतावर परिणाम होतो, हे खरं आहे. 'ब्रिटिश नाही' म्हणणाऱ्यांमध्ये स्वातंत्र्याला पाठिंबा सर्वाधिक होता. पण मधल्या गटांचं मत इतर गोष्टींवरही ठरलं. वेगळं झाल्यावर अर्थव्यवस्था सुधारेल की घसरेल, चलन पाउंडच राहील का, पेन्शनचं काय होणार, हे प्रश्न त्यांच्यासाठी मोठे होते. स्कॉटिश असल्याचा पुरेपूर अभिमान बाळगूनही 'नाही' म्हणणारे लाखो लोक होते.

स्कॉटिश कुणाला म्हणायचं?

मॅक्रोन आणि त्यांचे सहकारी फ्रँक बेखॉफर यांनी हा प्रश्नही तपासला. जन्म कुठे झाला, आईवडील कुठले, राहतो कुठे, बोलण्याचा ढंग कसा, यावरून लोक एखाद्याला 'आपला' मानतात की नाही, हे त्यांनी पाहिलं. आसिफा हुसेन आणि विल्यम मिलर यांच्या अभ्यासात स्कॉटलंडमधल्या पाकिस्तानी वंशाच्या लोकांनी स्कॉटिश ओळख सहज स्वीकारल्याचं दिसलं. पुढे २०२३ मध्ये याच समाजातले हमझा युसूफ स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर झाले.

सार्वमतात मताचा हक्कही जन्मावर नव्हे, तर वास्तव्यावर ठरला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला पण लंडनमध्ये राहणारा माणूस मत देऊ शकला नाही. उलट तिथे कायदेशीर वास्तव्य असलेले भारतीय नागरिक राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून मतदार होऊ शकत होते.

म्हणूनच 'इतके टक्के लोकांना स्वातंत्र्य हवंय' अशी पोस्ट समोर आली, तर शेअर करण्याआधी एवढं बघावं: लोकांना नेमका प्रश्न काय विचारला होता आणि उत्तराचे पर्याय कोणते होते?