न घडलेल्या खेळाचे गुण

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मायनर लीगच्या मैदानांवर होम प्लेटच्या मागे काही माणसं स्टॉपवॉच घेऊन बसलेली दिसतात. सामना कोण जिंकतंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. बॅटला चेंडू लागला की घड्याळ सुरू, फलंदाजाचा पाय पहिल्या बेसवर पडला की बंद. हे 90 फूट उजव्या हाताचा फलंदाज 4.3 सेकंदांत कापत असेल तर मेजर लीगच्या मानाने तो साधारण. चारच्या आसपास पोचला, की या स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या मंडळींच्या भुवया उंचावतात.

त्यांची गुणपद्धत मोठी विचित्र आहे. गुण 20 ते 80, आणि 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. आउटफिल्डरला ते पाच गोष्टींत द्यायचे: चेंडू बॅटवर घेणं, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे पडतात, एक आजचा आणि एक पुढचा. सतरा वर्षांच्या पोराचे खांदे किती भरतील, भरल्यावर पायांची चपळाई टिकेल का, हे आजच आकड्यात लिहायचं! चपळाई गेली तर सेंटर फील्ड सोडून कडेला जावं लागतं आणि कडेच्या आउटफिल्डरकडून होम रनची अपेक्षा जास्त. म्हणजे पाय मंदावले की बॅटकडूनच जास्त वसूल करायचं.

धाव, फेक मोजता येतात. डोळा कसा मोजणार? ताशी 150 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे 0.4 सेकंदांत येतो. तेवढ्यात तो सरळ आहे की वळणार, हे ओळखून बॅट फिरवायची किंवा आवरायची. बास्केटबॉलचा सम्राट मायकेल जॉर्डन 1994 मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून आउटफिल्डर म्हणून उतरला. शरीर असं की स्काउटने स्वप्नात पाहावं. सुरुवातीला तो सलग 13 सामन्यांत हिट मारत गेला. मग पिचरांनी वळणारे चेंडू टाकायला घेतले. मोसमाअखेर सरासरी .202, स्ट्राइकआउट 114.

उलट माइक ट्राउट. न्यू जर्सीच्या मिलव्हिलचा हा पोरगा स्काउट ग्रेग मोरहार्टच्या नजरेत भरला. मोरहार्ट त्याच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळलेले. तरी 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडताना, त्याचा नंबर लागला पंचविसावा, एंजल्स संघाकडून. त्याच्या आधीची, चोविसावी निवडही एंजल्सचीच होती आणि तिथे त्यांनी दुसराच आउटफिल्डर घेतला, रँडल ग्रिचक. ट्राउट 2011 मध्ये मेजर लीगमध्ये आला, तेव्हा 40 सामन्यांत त्याची सरासरी .220 होती. पुढचा मोसम त्याने पुन्हा मायनर लीगमध्येच सुरू केला. एप्रिलअखेर बोलावणं आलं आणि वर्षअखेर खात्यावर .326, 30 होम रन, 49 बेसचोऱ्या. नंतर तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

आणि ग्रिचक? त्यानेही मेजर लीगमध्ये दीडशेहून अधिक होम रन ठोकले. म्हणजे त्या दिवशी एंजल्सच्या स्काउट्सनी दोन्ही पोरं बरोबर ओळखली होती. क्रम तेवढा उलटा लागला.