जुन्या चित्रपटांची कागदपत्रे : संग्रह, पारख आणि जतन

प्रास्ताविक

'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जे उरले आहे ते छायाचित्रे व जाहिरात-साहित्य यांच्या रूपाने. मूकपटांची स्थिती तर याहून बिकट आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले. त्यांतील मोजकेच, आणि तेही बहुधा त्रुटित स्वरूपात, शिल्लक आहेत. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी निर्मिलेल्या चित्रपटांपैकी बहुतेक नामशेष झाले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह अनेक नायट्रेट रिळे भस्मसात झाली. अशा परिस्थितीत पटकथेच्या वह्या, स्थिरचित्रे, भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिका यांना केवळ हौशी संग्राहकांच्या वस्तू मानणे संशोधकाला परवडणारे नाही. अनेक चित्रपटांच्या बाबतीत हीच प्राथमिक साधने होत.

चित्रपट पुस्तिका

या साधनांत सर्वांत सुलभ आणि सर्वाधिक उपेक्षित म्हणजे चित्रपटगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना विकली जाणारी पुस्तिका. तीत श्रेयनामावली, कथासार आणि गीते असत. कथासार ऐन पेचप्रसंगाशी आणून सोडलेले असे व 'पुढील भाग रुपेरी पडद्यावर पाहा' अशी सूचना असे. संशोधकाची यात पंचाईत होते. कारण नष्ट झालेल्या चित्रपटाचा शेवट त्यामुळे कळतच नाही! तथापि गीतकार, संगीतकार, दुय्यम नट, ध्वनिमुद्रक यांची नावे अन्यत्र क्वचितच इतकी सविस्तर मिळतात. प्रभातने आपले अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढले. 'कुंकू' (१९३७) हिंदीत 'दुनिया न माने' झाला, तर 'माणूस' (१९३९) 'आदमी' झाला. दोन्ही आवृत्त्यांच्या पुस्तिका समोरासमोर ठेवून वाचल्यास भाषेनुसार गीतांची व जाहिरातीची मांडणी कशी बदलली, हे उलगडते. म्हणून एक मिळाली की दुसरी अनावश्यक, असे संग्राहकाने समजू नये.

पटकथा : मूळ कोणती?

पटकथांच्या बाबतीत सर्वाधिक गल्लत होते. चित्रपट परिनिरीक्षणासाठी पाठविताना सोबत जोडावयाची संहिता ही पूर्ण झालेल्या चित्रपटावरून तयार केलेली असते. ती टंकलिखित, रिळांनुसार विभागलेली आणि नीटनेटकी असते. बाजारात तीच 'मूळ पटकथा' म्हणून दाखविली जाते. वस्तुतः लेखकाने काय लिहिले होते, ते तीवरून समजत नाही. पडद्यावर काय उरले, एवढेच समजते. याउलट चित्रीकरणाच्या वेळी वापरलेल्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा, खोडलेले संवाद, समासातील आकडे, क्वचित चहाचे डागही आढळतात. दिसायला ती गबाळी, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाची. दोन्ही प्रकारच्या संहिता जपाव्यात. मात्र नोंद करताना त्यांतील भेद स्पष्ट लिहावा.

छायाचित्रे व भित्तिपत्रके

स्थिरचित्र हे चित्रपटातील चौकट नव्हे. ते स्वतंत्र कॅमेऱ्याने, पुष्कळदा दृश्य चित्रित झाल्यावर नटांना पुन्हा उभे करून घेतलेले असते. त्यामुळे अंतिम चित्रपटातून वगळलेला प्रसंग छायाचित्रात सापडू शकतो. छायाचित्राच्या पाठीवरील शिक्का आणि हस्ताक्षरातील नोंद यांचे महत्त्व पुढील बाजूइतकेच आहे. तरी अनेक ठिकाणी चित्रे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून ठेवलेली आढळतात.

भित्तिपत्रकांवर सहसा वर्ष छापलेले नसते. 'मदर इंडिया' (१९५७), 'मुघल-ए-आझम' (१९६०) यांसारखे चित्रपट वारंवार पुनःप्रदर्शित झाले आणि प्रत्येक वेळी नवी पत्रके निघाली. अशा वेळी मुद्रणालयाचे नाव, कागदाचा पोत आणि छपाईची पद्धत यांचा आधार घ्यावा लागतो. भिंगाखाली शिळाछापाचा रंग दाणेदार, अनियमित दिसतो. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. अलीकडे संगणकीय प्रती काढून त्यांना कृत्रिम जुनेपणा देण्याचा उद्योगही फोफावला आहे. घडीच्या रेषेवरचा रंग झिजलेला नसून नुसताच छापलेला असेल, तर शंका घ्यावी.

जतन

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या काळात एका तालुक्याच्या गावी रद्दीच्या दुकानातून १९४०च्या दशकातील एका मराठी चित्रपटाची पुस्तिका मिळविली. बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या माळ्यावरचे गठ्ठे तेथे किलोच्या भावाने आले होते. लेखक पोहोचण्यापूर्वीच त्यांतील बहुतेक कागद लगद्याच्या कारखान्याकडे रवाना झाले होते. हाती आलेली ती एक प्रत सुरक्षित राहावी, या उत्साहात लेखकाने तिचे प्रत्येक पान लॅमिनेट करून घेतले. जुन्या छपाईच्या कागदात आम्लता असते. उष्णतेने डकवलेल्या प्लॅस्टिकमध्ये ती कोंडली जाते आणि हे आवरण पुढे कागदाला इजा न होता काढता येत नाही, हे त्या वेळी ठाऊक नव्हते. त्याऐवजी गंजणाऱ्या पिना हलक्या हाताने काढून, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आडवी, अंधाऱ्या व कोरड्या कपाटात ती ठेवली असती, तर पुरेसे होते. चिकटपट्टी तर कोणत्याही कागदाला लावू नये. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यानंतर पाकिटे उघडून बुरशी तपासणे अगत्याचे आहे. जुन्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह नायट्रेटच्या असू शकतात. त्या ज्वलनशील असल्याने कागदांसोबत ठेवू नयेत.

कायद्याच्या दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. कागद विकत घेतल्याने त्यावरील मजकुराचा वा छायाचित्राचा स्वामित्वहक्क मिळत नाही. ग्रंथात छापण्यापूर्वी परवानगी पाहावी लागते. तसेच १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले हस्तलिखित, नोंद किंवा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला की तो पुरावशेष ठरू शकतो व खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठविता येत नाही. तिसाव्या दशकातील पटकथांनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. पी. के. नायर यांनी तेथे चित्रपटांबरोबरच असे कागदही जिद्दीने जमविले. तरीही गावोगावच्या चित्रपटगृहांच्या माळ्यांपर्यंत एक संस्था पोहोचू शकत नाही. त्या गावातील महाविद्यालयाचे ग्रंथालय मात्र पोहोचू शकते. कपाटाचा एक खण, दाखलनोंदीचे एक रजिस्टर आणि वस्तू कोणाकडून, केव्हा, कोणत्या अवस्थेत आली याची नोंद एवढ्यावर आरंभ होतो. लेखकाच्या महाविद्यालयात त्या रजिस्टरातील पहिली नोंद उपरोक्त पुस्तिकेचीच आहे. 'अवस्था' या रकान्यात 'लॅमिनेट केलेली. कागद पिवळा पडत आहे' असे लिहिले आहे.