वजाबाकीचं काम

पहाटे ४.१५
मेअखेरचा नवतपा लागला आहे. अजून अंधार आहे, तरी हवेत गारवा नाही. चहा उकळेपर्यंत माझ्याकडे धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांचे निरोप वाचते. रोज तीनच प्रश्न असतात : झोप किती झाली, अंथरुणातच मोजलेली नाडी किती, काही दुखतंय का. काटोलहून शिकायला आलेला ५००० मीटरवाला लिहितो, "मॅडम, दोन वाजेपर्यंत लाइट नव्हती. झोपच नाही झाली." नाडी नेहमीपेक्षा नऊ ठोक्यांनी जास्त. दुसरा निरोप बी.ए.च्या मुलीचा, ८०० मीटरवाली. "नडगी अजून दुखून राहिली."
आजच्या पानावर १००० मीटरच्या सहा फेऱ्या लिहिलेल्या आहेत. घरातून निघण्याआधीच दोन नावं त्यातून कमी होतात.

५.००
नागपुरातलं मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल. सूर्य उगवायला अर्धा तास आहे, पण गर्दी आधीच झालेली. पोलीस भरतीची मुलं १६०० मीटर मारताहेत, रोज तेच अंतर, रोज जीव तोडून. आमची मुलं त्यांच्याकडे बघतात आणि पहिल्याच फेरीत उगाच जोर लावतात. म्हणून घड्याळं माझ्या पिशवीत जमा होतात. उन्हाळ्यात शरीर रक्त कातडीकडे वळवतं, घामावाटे उष्णता बाहेर टाकायला. त्यामुळे स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. डिसेंबरात जो वेग आरामाचा असतो, तो मेमध्ये शर्यतीचा होतो. घड्याळाला हे कळत नाही. एखादं तुटक वाक्य बोलता येईल एवढाच श्वास लागला पाहिजे, ही आजची मोजपट्टी.
काटोलवाल्याला चाळीस मिनिटं सोपं धावायला सांगते. तो फोन पुढे करतो. अविनाश साबळेच्या सरावाचा व्हिडिओ.
"मॅडम, हे कधी करायचं?"
"ह्याच्या आदल्या दिवशी त्यानं काय केलं, ते आहे का त्यात?"
"नाही."
"मंग अर्धाच सराव दिसून राहिला तुला."
साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातला, सैन्यात गेला आणि तिथे धावपटू झाला. २०२४मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस त्यानं ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत संपवली. त्या वेगामागे वर्षानुवर्षांचं सोपं धावणं आहे. त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

७.१५
सराव संपला. वजनकाट्यावर सगळे पुन्हा उभे राहतात. एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, आणि दोन-तीन तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट प्यायचं, मीठ घालून. ताक चालतं, लिंबू-साखर-मिठाचं पाणी चालतं.
अर्ध्या तासानं प्रत्येक जण सराव किती जड गेला, याचा दहापैकी आकडा सांगतो. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांची ही रीत : तो आकडा गुणिले मिनिटं. साठ मिनिटांना ७ दिले तर भार ४२०. यंत्र लागत नाही, खर्च नाही. मुलं खरं सांगतील एवढा विश्वास मात्र लागतो. "पाच" म्हणताना आवाज लटपटला, तर मी सात लिहिते.

१०.३०
घरी, कूलरसमोर. वार्षिक आराखडा शेवटाकडून सुरुवातीकडे लिहायचा असतो. आंतरविद्यापीठ स्पर्धा हिवाळ्यात, त्याआधी आंतरमहाविद्यालयीन, त्याआधी पावसाळ्यातला वेगाचा टप्पा, आणि सगळ्यांत खाली पाया. वर्षाचे असे टप्पे पाडणं रशियाच्या मत्वेयेव यांनी १९६०च्या दशकात शास्त्रशुद्ध मांडलं. पण त्यांच्याकडे पाया थंडीत घातला जातो आणि शर्यती उन्हाळ्यात होतात. आमचं उलटं. सर्वांत जास्त किलोमीटर धावायचे महिने म्हणजे नागपूरचे एप्रिल आणि मे. राष्ट्रीय शिबिरातले धावपटू उटीसारख्या थंड जागी जातात, आमची मुलं सेमिनरी हिल्सच्या चढावर.
म्हणून पुस्तकातला 'तीन आठवडे चढता भार, चौथा हलका' हा हिशेब मी इथे दोनास एक करते. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस किलोमीटरही कमी.

दुपारी २.००
पारा पंचेचाळिशीला. झोप. मुलांच्या तक्त्यातही या रकान्यात 'झोप' असंच लिहिलं आहे, सरावासारखं.

५.४५
ट्रॅक अजून भट्टीसारखा तापलेला, म्हणून संध्याकाळी सावलीत वजनाचे व्यायाम. नडगीवाली आईवडिलांना घेऊन आली आहे.
"दहा दिवस पळायचं नाही म्हणता. मंग इथे येऊन करावं काय तिनं? स्पर्धा तर ऑक्टोबरात आहे," वडील विचारतात.
"सायकल मारेल, पोट-पाठीचे व्यायाम करेल. हाडाला बारीक तडा असेल अन् आता थांबलो, तर सहा-आठ आठवडे जातील. पळत राहिली तर ऑक्टोबर जाईल."
आईला बाजूला घेते. पाळी दोन महिने आलेली नाही. दुखरी नडगी, थांबलेली पाळी आणि रात्री 'वजन वाढेल' म्हणून सोडलेली पोळी, हे तिन्ही एकाच दुखण्याचे भाग असू शकतात. खर्चापेक्षा खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमकुवत होतात. उद्या डॉक्टरांकडे जायचं ठरतं. सुरुवातीला एक्स-रेमध्ये तडा दिसेलच असं नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर "काही निघालं नाही" म्हणत ती परवा स्पाइक्स घालून हजर होईल.

रात्री ९.००
उद्याचे निरोप. एकाच गटाला पाच वेगळे सराव. काटोलवाल्याची झोप झाली तर त्याला उद्या १००० मीटरच्या चार फेऱ्या, सहा नाहीत. राहिलेल्या दोन पुढे ढकलत नाही, सोडून देते. चुकलेला सराव भरून काढायला गेलं की पुढचे दोन बिघडतात.
वहीत मात्र कापलेल्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिते : लाइट, नडगी, पारा, परीक्षा. पुढच्या वर्षीचा मे मला पुस्तकावरून नाही, या कारणांवरून आखायचा आहे.