आधी घर, मग हीटर!

ऑनसाइट गेलात, तिथेच रमलात आणि मँचेस्टरमध्ये शंभर वर्षांचं विटांचं घर घेतलंत. झक्कास! पण पहिल्याच जानेवारीत गोधडी पांघरून लॅपटॉप उघडायची वेळ येते. रेडिएटर तापतो, घर तापत नाही! कारण १९२० पूर्वीच्या बहुतेक घरांच्या भिंती भरीव विटांच्या. मध्ये पोकळी नाही, त्यामुळे ऊब सरळ बाहेर.

म्हणून लगेच नवं मशीन घ्यायला धावू नका. आधी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, छताखालच्या माळ्यावर २७० मिलिमीटर इन्सुलेशन घाला. जमिनीलगतच्या जाळीदार विटा मात्र बुजवू नका, नाहीतर लाकडी फ्लोअरिंगखाली ओल धरेल. मग कुठल्या खोलीतून किती ऊब निसटते, हे मोजून घ्या.

हीट पंप घेणार असाल तर हा हिशोब मस्टच! एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिट ऊब देतो, पण पाणी ४५-५० अंशांवर ठेवलं तर. जुने रेडिएटर ७०-८० अंशांच्या हिशोबाने बसवलेले, म्हणजे काही मोठे घ्यावे लागणार. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये पंपासाठीचं सरकारी अनुदान ७,५०० पौंड झालं. पण फटींतून जाणाऱ्या उबेचं बिल दर महिन्याला तुमच्याच खिशातून, तेही ईएमआय चालू असताना!