मत एकाला एक, मासळी कोणाची?

९ लाख टन, २० लाख टन आणि १ मत. रायगडमधल्या रेवदंड्याच्या आसपास मालकीचे तीन प्रकार समजून घ्यायला हे तीन आकडे पुरतात.

कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठावर साळावचा स्पंज आयर्न कारखाना आहे. क्षमता वर्षाला सुमारे ९ लाख टन. बिर्ला समूहाच्या विक्रम इस्पातने तो उभारला, २००९ मध्ये तो वेलस्पनकडे गेला आणि २०१४ मध्ये जेएसडब्ल्यूने घेतला. पाच वर्षांत दोनदा मालक बदलला. खाडीत जाळं टाकणाऱ्याला कोणी विचारलं नाही, कारण कंपनीत मत शेअरला असतं, माणसाला नसतं.

उत्तरेला थळमध्ये आरसीएफ कंपनीचा खत कारखाना. वर्षाला सुमारे २० लाख टन युरिया आणि कंपनीचे ७५ टक्के शेअर केंद्र सरकारचे. लाभांशाचा मोठा वाटा देशाच्या तिजोरीत जातो, ही मोलाचीच गोष्ट. पण मालक सगळा देश असला, तरी निर्णय दिल्लीत होतात आणि थळच्या कोळ्याचा त्यातला वाटा कागदावरच राहतो.

तिसरा आकडा मच्छीमार सोसायटीचा. १९६० च्या सहकार कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतले १० जण एकत्र आले की संस्था उभी राहू शकते. शेअर कितीही असोत, मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि निबंधकांच्या परवानगीवाचून लाभांश १५ टक्क्यांवर जात नाही. म्हणजे १,००० रुपयांच्या शेअरवर फार तर १५० रुपये. नुसता पैसा गुंतवून पैसा काढणाऱ्याला इथे जागाच नाही. मला हा कायद्याचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

मग अडतं कुठे? ६१ दिवसांवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि १ ऑगस्टला डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल हे सगळं एकदम लागतं. तेव्हा हातात पैसे ठेवतो तो व्यापारी. अट एकच: मासळी त्यालाच द्यायची. बोट लागते, पापलेटं पाट्यांत उतरतात, मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे, वर बर्फाचा चुरा. काटा व्यापाऱ्याचा, भावही तोच सांगतो. नाखव्याचं सोसायटीतलं मत त्या काट्यावर चढत नाही.

कारण आपल्या बहुतेक सोसायट्या डिझेल देतात, बर्फ देतात, डिझेलवरच्या कराचा परतावा मिळवून देतात. म्हणजे खर्चाची बाजू सांभाळतात, विक्रीची नाही. पालघरच्या सातपाटीत मात्र संस्था सभासदांचं पापलेट एकत्र करतात, आकारानुसार प्रतवारी करतात आणि प्रत्येक प्रतीचा भाव खरेदीदारांशी बसून ठरवतात. गुजरातेत १९४६ पासून दुधाचं हेच झालं. अमूलचे ३६ लाख उत्पादक आज ग्राहकाच्या रुपयातले ८० पैशांच्या आसपास घरी नेतात, कारण संकलन, प्रक्रिया आणि विक्री तिन्ही त्यांच्याच संघांकडे आहेत.

रायगडच्या किनाऱ्यावर सोसायटीने आधी हातात घ्यायच्या दोन गोष्टी मला दिसतात: जुलैअखेर सभासदाला मिळेल अशी हंगामी उचल, आणि बंदरावर स्वतःचा काटा. नफ्याचा चौथा हिस्सा कायद्याने दरवर्षी राखीव निधीत पडतोच. त्यातला किती भाग या उचलीमागे उभा करता येईल, हा विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, आणि तोही पहिली बोट सुटायच्या आत.