द्रोणागिरीची चक्कर, तिथी बघून

द्रोणागिरीला जायचं म्हटलं की लोक विचारतात, "किल्ल्यावर काय शिल्लक आहे?" फार काही नाही. पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष, पाण्याची टाकी, थोडी तटबंदी. डोंगरही बेताचाच. उरणहून डाऊरनगरकडे गेलं की तिथून साधारण तासाभरात माणूस माथ्यावर पोचतो. पण मी ज्यासाठी जाते ती गोष्ट किल्ल्यावर नसून खाली आहे, आणि ती दिसण्यासाठी किती वाजता वर असायचं हे आधी ठरवावं लागतं.

माझ्या पीएचडीचा विषय आहे चिखलात चरणारे पक्षी. म्हणजे तुतवार, चिखल्या, मालगुजा आणि अर्थातच रोहित (फ्लेमिंगो म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही, म्हणून फ्लेमिंगो). त्यांच्यावर बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "ओहोटीला ते चिखलावर असतात हे समजलं. भरती आली की जातात कुठे?" द्रोणागिरीची दिवसभराची चक्कर या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी दाखवते.

आधी वेळेचं गणित. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आपल्या कोळी लोकांचा हिशोब याहून सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. मुंबई बंदराच्या कोष्टकात त्या दिवशी भरती बाराच्या आगेमागे दिसते. पाऊणपट धरली की तिथीला पंचेचाळीस मिनिटं होतात, प्रत्यक्षात थोडी जास्त असतात, आणि पंधरा तिथींत तो फरक साचतो. तरीही कागद-पेन्सिल न घेता करायच्या हिशोबाला हे उत्तमच म्हणायचं.

यातून एक गंमत निघते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारच्या (आणि मध्यरात्रीच्या) सुमारास येते, तर भांगाची छोटी भरती सकाळ-संध्याकाळी. उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक साधारण साडेतीन मीटर, कधी त्याहूनही जास्त. भांगाला जेमतेम दीड. भांगाच्या दिवशी सगळा चिखल बुडतच नाही. पक्षी तिथेच काठाकाठाने सरकत राहतात आणि तुमची फेरी फुकट जाते. म्हणून पौर्णिमा किंवा अमावस्या धरा, किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस. महिना नोव्हेंबर ते मार्च.

आता चक्कर. 12 जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत येते, त्यामुळे गाडीची गरज नाही. (द्रोणागिरी नावाचंही स्टेशन आहे, पण डोंगरासाठी तिथे उतरू नका. ते सिडकोच्या द्रोणागिरी नोडचं. डोंगर उरण शहराच्या पलीकडे, करंजाच्या बाजूला.) पौर्णिमेला सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. आठपर्यंत माथ्यावर पोचलात तर दक्षिणेला करंजाची खाडी आणि पलीकडे रेवस, उत्तरेला घारापुरी, जेएनपीएच्या क्रेन आणि त्यांच्या अलीकडचा पांजेचा सपाट पट्टा दिसतो. आणि मधे मधे तो करडा, चमकणारा चिखल. तिथे बसा. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मी भरती होते, म्हणजे साधारण आठ ते दहा. डबा उघडून पोहे संपेपर्यंत चिखलाचा मोठा तुकडा नाहीसा झालेला असतो.

डोंगर उतरून वेळ असेल तर करंजाला द्रोणागिरी देवीचं दर्शन घ्या, मग रिक्षाने उरणमार्गे पांजेकडे. बाराच्या आत रस्त्यावर पोचायला हवं. तिथे अनेकदा आत सोडत नाहीत. वाद घालू नका, रस्त्यावरून दुर्बिणीने भरपूर दिसतं.

आणि दिसतं काय? हजारो पक्षी, काही न करता उभे! नवख्या माणसाचा इथे विरस होतो. एका पायावर उभे, चोच पाठीत खुपसलेली. पण माझ्या दृष्टीने दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा देखावा हाच. या पक्ष्यांचं जेवण चंद्राच्या वेळापत्रकावर चालतं. चिखल उघडा असताना खायचं, बुडला की मिळवलेली चरबी जपायची. मार्च-एप्रिलमध्ये यांतल्या कितीतरी जणांना पार सायबेरियापर्यंत उडायचं असतं. भरतीचे हे चार-पाच तास जर इकडून तिकडे उडण्यात गेले, तर सकाळी कमावलेलं दुपारी खर्च.

मग विश्रांतीची जागा कशी हवी? चिखलापासून जवळ, हे उघडच आहे. दुसरं, मोकळी. "आजूबाजूला एवढी खारफुटी आहे, तिथे बसतील की," असं मला शिकलेली माणसंही सांगतात. बगळे बसतात. पण तुतवार-चिखल्यांना झाडाझुडपांत ससाणा येताना दिसत नाही, म्हणून ते उंच झाडी टाळतात. तिसरी गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते: उथळ पाणी. ऑस्ट्रेलियाच्या रोबक बेमध्ये डॅनी रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथले पक्षी विश्रांतीची जागा कशी निवडतात ते तपासलं. उडण्याचा खर्च आणि शिकाऱ्यांची भीती तर होतीच, पण उन्हाचा ताणही हिशोबात होता. ओल्या जागी पाय बुडवून उभं राहिलं की अंगातली उष्णता बाहेर जाते. आता वरचं गणित आठवा. आपल्याकडे चिखल पूर्ण बुडतो तो नेमका भर दुपारी. म्हणजे उरणच्या पक्ष्यांना जागा जास्तीत जास्त लागते तेव्हाच ऊन जास्तीत जास्त असतं. कोरडं, सपाट केलेलं मैदान नकाशात मोकळं दिसलं तरी त्यांच्या कामाचं नाही.

पाण्याची खोलीही नेमकी लागते. फ्लेमिंगोला गुडघाभर चालेल, छोट्या टिलव्याला बोटाच्या दोन पेरांएवढंच. ही खोली ठरते बांधाला असलेल्या उघाडीवर. आगरी शेतकरी खारजमिनीत आणि मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले: भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, नको ते बाहेर सोडायचं. पक्ष्यांसाठी कुणी हे केलं नव्हतं, पण त्यांना फुकटात सोय झाली.

पांजेचं क्षेत्र सुमारे 289 हेक्टर आणि ते द्रोणागिरी नोडच्या आराखड्यात येतं. भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याच्या तक्रारी कित्येक वर्षं चालू आहेत. लक्षात घ्या, अशी जागा संपवायला भराव टाकावा लागतोच असं नाही. पाणी अडवलं की एका हंगामात जमीन भेगाळते, पक्षी येत नाहीत, आणि मग "इथे पाणथळ आहेच कुठे?" असं विचारता येतं. बीएनएचएसने पांजे, भेंडखळ, बेलपाडा अशा जागा ठाणे खाडीच्या अभयारण्याला जोडलेल्या मानून सांभाळाव्यात असं सुचवलं आहे. ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ आहे. पण तिथला चिखलही दुपारी बाराला बुडतोच ना.

"इथून उठले तर दुसरीकडे जातील" हे खरंच आहे. जातीलच. प्रश्न एवढाच की ती दुसरी जागा किती लांब, आणि तिथे पुन्हा उठावं लागेल का. शिवाय नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय. हजारो पक्षी भर दुपारी नवी जागा शोधत आकाशात फिरणं वैमानिकांनाही परवडणारं नाही.

दीड-दोनच्या सुमारास पाणी उतरायला लागतं. खाडी पांजेहून दिसत नाही, तरी पक्ष्यांना कळतं कसं, यावर पुढच्या वेळी लिहीन. आधी एक-दोन उठतात, मग पन्नास, मग सगळा थवा एकदम वळतो आणि पांढरा चमकून जातो. टोपी आणि दोन लिटर पाणी न्या. डोंगरावर सावली नाही, खाली तर मुळीच नाही. पुढची अमावस्या कधी आहे ते कालनिर्णयमध्ये बघून घ्या.