चामड्याचा कार्बन-हिशेब: आकडा एक, नियम अनेक

ऑक्टोबर २०२० मध्ये चर्मोद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी अमेरिकेतील ‘सस्टेनेबल अपॅरल कोअलिशन’ला पत्र लिहून, तिच्या ‘हिग’ निर्देशांकातील गाईच्या चामड्याचे गुण स्थगित करण्याची मागणी केली. वॉलमार्ट आणि पॅटागोनिया यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या संस्थेने पर्यावरणावरील भारासाठी चामड्याला पॉलिएस्टरच्या तिपटीहून अधिक गुण दिले होते. तेव्हापासून या उद्योगाने प्रतिमा सुधारण्यासाठी जाहिरातीइतकाच विदेचा आधार घेतला आहे.

वस्तूचा पर्यावरणावरील भार मोजण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांनी तिची चौकट आखली आहे. परंतु एकाच जनावरापासून मांस, चरबी आणि कातडे मिळते, तेव्हा त्याने सोडलेला मिथेन कोणाच्या खात्यावर मांडायचा?

समजा, एका जनावराचा एकूण भार १,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतका आहे. कातड्याचे वजन ७ टक्के धरून वजनाच्या प्रमाणात विभागणी केली, तर कातड्याच्या वाट्याला ७० किलो येतात. त्याचे मूल्य १ टक्का धरून किमतीच्या प्रमाणात विभागणी केली, तर १० किलो. कातडे निव्वळ टाकाऊ मानले, तर शून्य. जनावर तेच, बदलतो तो हिशेबाचा नियम. किमतीच्या नियमात एक विसंगतीही आहे: मागणी घटून कातडे स्वस्त झाले, की ते कागदोपत्री अधिक ‘हरित’ ठरते.

उद्योगाचा युक्तिवाद असा, की गुरे मांस-दुधासाठी पाळली जातात आणि न वापरलेली कातडी कचराभूमीत जातात. शिवाय हिग निर्देशांक कारखान्याच्या दारापर्यंतचाच भार मोजतो. वस्तू किती वर्षे टिकते, हे त्यात येत नाही. या आक्षेपांत तथ्य आहे. जून २०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणानेही या निर्देशांकावर आधारित जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि ग्राहकांसमोर गुण मांडण्याचा कार्यक्रम थांबवण्यात आला.

तथापि, कार्बनचा आकडा खाली आला म्हणून पाणी स्वच्छ होत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते; जगातील बहुतांश चामडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी. मिशिगनमधील रॉकफर्ड येथे वुल्व्हरिन कंपनीच्या कारखान्यात चामडे जलरोधक करण्यासाठी पीएफएएस गटातील रसायने वापरली जात. त्या कारखान्याच्या कचऱ्यामुळे परिसरातील विहिरी दूषित झाल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. २०२० मध्ये कंपनीने रहिवाशांपर्यंत नळाचे पाणी पोहोचवण्यासाठी ६ कोटी ९५ लाख डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. कार्बनच्या कोणत्याही तक्त्यात या विहिरींची नोंद नसते.

म्हणूनच ‘पर्यावरणस्नेही’ असे लेबल असलेली चामड्याची वस्तू समोर आली, की तीन प्रश्न विचारावेत. भाराची विभागणी वजनाने केली की किमतीने? हिशेब कारखान्याच्या दाराशी थांबतो की वस्तूच्या अखेरपर्यंत जातो? आणि सांडपाण्याची तपासणी कोणी केली, तिचे निष्कर्ष खुले आहेत का? ज्या उत्पादकाकडे तिन्हींची उत्तरे आहेत, त्याच्याच आकड्याला अर्थ आहे.